शब्दचर्चा: पूपू प्लॅटर, एग रोल आणि क्रॅब रंगून

प्रश्न: अमेरिकेतल्या जुन्या चायनीज हॉटेलांत सुरुवातीला 'पूपू प्लॅटर' मागवतात. त्याला मराठीत काय म्हणावं? एग रोल आणि स्प्रिंग रोल एकच का? न्यूयॉर्कमध्ये जुन्या धाटणीचं हे खाणं ओळखायचं कसं?

क्वीन्सकर: पूपू हा शब्द चिनी नाही, हवाईचा आहे. मूळ अर्थ शंख-शिंपले, पुढे दारूबरोबरच्या बारीकसारीक खाण्याला तेच नाव पडलं. त्यामुळे 'क्षुधावर्धक' कोशातच राहू द्या, 'चखणा' चपखल बसतो. 'तोंडीलावणं' चालणार नाही, ते जेवणासोबतचं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर हे ताट टिकी बारांनी (पॅसिफिक बेटांच्या थाटात सजवलेल्या बारांनी) रुळवलं: हॉलिवूडचं डॉन द बीचकोंबर, ओकलंडचं ट्रेडर व्हिक्स. चायनीज हॉटेलांनी ते तिथून उचललं. मधोमध लहानशी पेटती शेगडी, भोवती एग रोल, लालभडक स्पेअर रिब्ज (डुकराच्या बरगड्या), कोळंबी टोस्ट, तेरियाकीच्या काड्या (गोडसर सोया सॉसमधलं काडीवरचं मांस), क्रॅब रंगून (खेकडा आणि क्रीम चीज भरून तळलेली पारी). तेरियाकी जपानी, कोळंबी टोस्ट कँटनचा आणि रंगूनमध्ये ब्रह्मदेशाचं फक्त नाव. तिथल्या स्वयंपाकात क्रीम चीज कुठलं?

तळणकर: एग रोल आणि स्प्रिंग रोल वेगळे. स्प्रिंग रोलची पारी कागदासारखी पातळ, तळली की गुळगुळीत आणि ठिसूळ. एग रोलची जाड, मैद्याची, बहुधा अंडं घातलेली. तळताना तिच्यावर फोड येतात. ते फोडच जुन्या पद्धतीची खूण. आत मुख्यतः कोबी, थोडं भाजलेलं डुकराचं मांस, कधी कोळंबी. आपल्याकडे एग रोल म्हटलं की अंडं लावलेला कोलकात्याचा पराठा डोळ्यांसमोर येतो, त्याचा इथे संबंध नाही.

एग रोल बिघडतो तो कोबीमुळे. चिरून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा, फडक्यात घट्ट पिळा आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा. ओलं सारण पारीला आतून भिजवतं, मग ती फाटते. तेल 175 अंशांच्या आसपास. 160 च्या खाली गेलं तर रोल तेल पितो.

जिभेचे चोचले: रंगूनचं प्रमाण: 225 ग्रॅम क्रीम चीज, 100 ग्रॅम खेकडा (हॉटेलात बहुतेकदा माशाचा नकली), एक पातीचा कांदा, अर्धा चमचा वूस्टरशायर सॉस. 9 सेंटिमीटरच्या चौकोनी वॉनटन पारीत (वॉनटन म्हणजे सारण भरलेली चिनी पुरचुंडी) एकच लहान चमचा सारण. चार कोपरे मधे आणताना आतली हवा दाबून काढा. हवा राहिली की तेलात फुटतात आणि चीज बाहेर येतं. थंड सारण आणि दोन-तीन मिनिटांचं तळण, बस्स.

शाकाहारींनी लक्षात ठेवावं, 'व्हेज एग रोल'च्या पारीत अंडं असू शकतं आणि तेल बहुधा कोळंबी तळलेलंच. दोन्ही विचारून घ्या. खेकडा नको असेल तर काही ठिकाणी 'चीज वॉनटन' मिळतात, पण त्यांच्याही पारीचं विचारावंच लागेल.

क्वीन्सकर: आता शोधायचं कसं. नुसतं 'ऑथेंटिक चायनीज' टाकलंत तर सिचुआन हॉटेलं समोर येतील. उत्तम असतील, पण हवं ते नव्हे. त्याऐवजी मेनूच्या फोटोंत 'पूपू प्लॅटर फॉर टू' आहे का बघा, आणि एग रोल-स्प्रिंग रोल वेगवेगळे छापलेत का. टेबलावर तळलेल्या नूडल्स आणि नारिंगी डक सॉस आला म्हणजे निम्मं काम झालं. (सॉसमध्ये बदक नसतं, जर्दाळू किंवा आलुबुखार, साखर, व्हिनेगर.)

चायनाटाउनमध्ये मॉट स्ट्रीटवर 17 नंबरचं वो हॉप 1938 पासूनचं, तळघरात उतरावं लागतं. जवळच डॉयर्स स्ट्रीटवर 1920 चं नॉम वा. तिथला एग रोल अंड्याच्या पातळ धिरड्यात गुंडाळतात, म्हणजे नावाला जागतो. मात्र तो वर सांगितलेला जाड पारीचा नव्हे, हे धरून जा. पूपू प्लॅटरच हवा असेल तर बॉस्टनच्या आसपास जास्त सापडतो, सॉगसचं काउलून 1950 पासून आहे. तिकडच्या मेनूवर 'पीकिंग रॅव्हिओली' दिसलं तर गोंधळू नका, ते मांसाचं सारण भरलेले मोमोच. इटालियन गिऱ्हाइकांना कळावं म्हणून बॉस्टनजवळच्या केंब्रिजच्या जॉइस चेन यांनी हे नाव दिलं. त्यांचं हॉटेल 1958 मध्ये उघडलं.

तळणकर: पार्सल आणलंत तर डब्याचं झाकण लगेच उघडा, वाफेने पारी चामट होते. घरी मायक्रोवेव्ह नको. ओव्हनमध्ये 200 अंशांवर जाळीवर ठेवून आठ-दहा मिनिटं.