उत्तर: डिस्प्ले मॅचबॉक्सचाच वाटतोय

दादा, खेळण्यातल्या छोट्या गाड्यांचा हा जुना डिस्प्ले कुणाचा आणि तो कसा भरायचा असं तुम्ही विचारलंय, तर फोटोत ७५ खण आणि खाली १ ते ७५ आकडे दिसतायत म्हणजे हा लेस्नी या इंग्लिश कंपनीच्या मॅचबॉक्स गाड्यांचाच दुकानातला डिस्प्ले असणार, वरच्या एका उत्तरात कुणीतरी हॉट व्हील्स (दुसऱ्या कंपनीच्या तशाच गाड्या) म्हटलंय ते काही पटत नाही. पण "७५ गाड्या शोधल्या की झालं" असं नाहीये बरं का, कारण एकाच नंबरवर वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी मॉडेल्स यायची, म्हणजे ४१ वर आधी डी-टाइप जॅग्वार होती आणि नंतर फोर्ड जीटी आली, त्यामुळे आधी एक वर्ष धरा आणि त्या वर्षीच्या कॅटलॉगप्रमाणेच भरा.

गाडी उलटी करून बघा, तळावर लेस्नी, मेड इन इंग्लंड आणि बहुतेक वेळा नंबरही असतो. मग चाकं. सुपरफास्टची, म्हणजे मॅचबॉक्सच्या नंतरच्या वेगाने पळणाऱ्या गाड्यांची, बारीक अ‍ॅक्सलवाली (चाकांच्या दांड्याची) चाकं असतील तर गाडी १९६९ किंवा त्यानंतरची, ती त्याआधीच्या साठच्या दशकातल्या डिस्प्लेत ठेवली की जाणकाराला लगेच खटकणार. रंग नवा मारलेला असेल तर तळ जोडणाऱ्या रिव्हेट्सवर पण रंग चढलेला दिसतो, त्याला ओरिजिनलचा भाव देऊ नका. चोरबाजारात तर हे हमखास.

आणि डिस्प्ले पुठ्ठ्याचा असेल तर ठाण्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका हो, ओल धरते, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.