छोट्या बेटराष्ट्रांत लोकसंख्येची नैसर्गिक वाढ मंदावते म्हणजे नेमके काय होते?

प्रश्न (नकाशाप्रेमी): मार्शल बेटांच्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ५३ हजार लोक नोंदले गेले होते; २०२१ मध्ये ते सुमारे ४२ हजारच उरले. मॉरिशसचीही लोकसंख्या आता वाढेनाशी झाली आहे. या दोन्ही देशांत नैसर्गिक वाढच मंदावली आहे, असे म्हणता येईल का?

प्रतिसाद (जनगणक): दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. नैसर्गिक वाढ म्हणजे जन्मांतून मृत्यू वजा केल्यावर उरणारी संख्या. देश सोडून गेलेली माणसे तीत धरली जात नाहीत. मार्शल बेटांत आजही मृत्यूंपेक्षा जन्म बरेच अधिक आहेत, परंतु अमेरिकेशी झालेल्या करारामुळे तेथील नागरिकांना व्हिसाशिवाय अमेरिकेत राहून नोकरी करता येते आणि ते मोठ्या संख्येने जातात.

मॉरिशसची गोष्ट मात्र खरोखरच जन्मांची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हिवतापाविरुद्धच्या मोहिमेने मृत्युदर झपाट्याने उतरला, जन्मदर मात्र चढाच राहिला, आणि १९६१ च्या अहवालात अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी या वाढीबद्दल गंभीर इशारा दिला. कुटुंबनियोजन संघटना १९५७ पासूनच काम करत होती. चर्चचा कृत्रिम साधनांना विरोध असल्याने १९६३ मध्ये नैसर्गिक पद्धती शिकवणारी वेगळी संस्था उभी राहिली, आणि सरकारने वाद वाढवत न बसता दोघींनाही अर्थसाहाय्य दिले. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. साठच्या दशकाच्या आरंभी दर स्त्रीमागे सुमारे सहा मुले होती, ती दहा-बारा वर्षांत साधारण तीनवर आली. या घसरणीचे श्रेय पुष्कळदा कापड कारखान्यांतील स्त्रियांच्या रोजगाराला दिले जाते, पण त्या कारखान्यांची भरभराट नंतरची आहे. मुलींचे शिक्षण आणि गावोगावची कुटुंबनियोजन केंद्रे त्याआधीच कामाला लागली होती.

नकाशाप्रेमी: मग स्थलांतराचा नैसर्गिक वाढीशी काहीच संबंध नाही का?

प्रतिसाद (सागरवाचक): आहे, आणि तो खोलवरचा आहे. जाणारे बहुधा विशी-तिशीतले असतात, त्यामुळे त्यांची पुढची मुले परदेशात जन्मतात आणि बेटावर वृद्धांचे प्रमाण वाढते. प्रशांत महासागरातील निउए या छोट्या बेटाच्या रहिवाशांना न्यूझीलंडचे नागरिकत्व असल्याने १९६६ मध्ये पाच हजारांवर असलेली तेथील वस्ती आज दोन हजारांच्याही आत आहे. एवढ्या लहान वस्तीत काही तरुण जोडपी गेली तरी शाळेच्या पटावर लगेच फरक दिसतो.

प्रतिसाद (जनगणक): याच्या उलट उदाहरण माल्टाचे आहे. २०२२ मध्ये तेथे दर स्त्रीमागे १.०८ मुले, म्हणजे युरोपीय संघातील सर्वांत कमी प्रमाण होते. तरीही बाहेरून येणाऱ्या कामगारांमुळे देशाची लोकसंख्या वाढतच राहिली. म्हणून कोणत्याही बेटाबद्दल बोलताना जन्म, मृत्यू आणि ये-जा यांचे आकडे आधी वेगवेगळे पाहावेत.