फेअरस्कायची युद्धकाळातली पाकिटं कुठे शोधायची

'फेअरस्काय' या प्रवासी बोटीची पोस्टकार्डं भरपूर मिळतात पण तीच बोट युद्धात एचएमएस अटॅकर ही छोटी विमानवाहू नौका होती तेव्हाचा नावाचा शिक्का असलेलं पाकीट काही सापडत नाही अशी एका टपालसंग्राहकाची तक्रार आहे, ती बरोबरच आहे, पण कारण दुर्मिळपणा नाही. बोट कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून ब्रिटिश नौदलाच्या पत्रांवर नावाचा शिक्का मारतच नसत, 'रिसीव्हड फ्रॉम एच. एम. शिप्स' (म्हणजे 'नौदलाच्या बोटींकडून आलेलं') असा काही मजकूर असायचा, ना नाव ना बंदर, आणि बरेचदा शेजारी सेन्सॉरचा शिक्का, वरून कमानदार, थडग्याच्या दगडासारखा. त्यामुळे उलट्या बाजूने शोधा, घरून खलाशाला आलेली पत्रं बघा, त्यावर पत्त्यातच 'एचएमएस अटॅकर, केअर ऑफ जीपीओ लंडन' असं सरळ लिहिलेलं असायचं. मला तर अशी पाकिटंच जास्त मोलाची वाटतात.

आणि १९५८ नंतरची, म्हणजे साउथॅम्प्टनहून ऑस्ट्रेलियाला स्थलांतरित नेत होती तेव्हाची कार्डं घेताना 'पाकबो' (बोटीवर टाकलेल्या पत्रावरचा) शिक्का नक्की बघा, भर समुद्रात टाकलेलं पत्र पुढच्या बंदरात उतरायचं म्हणून टपाल तिकीट एका देशाचं आणि शिक्का दुसऱ्याच देशाचा असं दिसतं. कृपा करून असलं तिकीट पाण्यात भिजवून सुटं करू नका, सगळी माहिती त्या जोडीतच आहे.