चिप्पी आणि पांढरी चिप्पी एकच का?

रविवारी ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. काठावर लोंबत्या फांद्यांची झाडं होती. बोटवाले दादा म्हणाले, 'ही चिप्पी.' २०२० साली राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर झालेली 'पांढरी चिप्पी' ती हीच का? फोटोखाली मी तसं लिहूनही टाकलंय. पण तिच्यात पांढरं काय? मला तर सगळं हिरवंच दिसलं.

– लोंबत्या फांद्या म्हणालात तिथेच उत्तर मिळालं. ती पांढरी नव्हे. दोघी सोनेरेशिया प्रजातीतल्याच, मेंदी-डाळिंबाच्या कुळातल्या. तुम्ही पाहिलीत ती अपेटाला, म्हणजे पाकळ्या नसलेली. पानं अरुंद, निमुळती. फुलात स्त्रीकेसराचं टोक उघडलेल्या छत्रीसारखं. पांढरी म्हणजे अल्बा. तिची पानं रुंद, गोलसर. फूल रात्री उमलतं, पांढऱ्या पुंकेसरांचा नुसता झुपका! पाकळ्या तिला असतात, पण केसरांइतक्याच बारीक, त्यामुळे वेगळ्या ओळखू येत नाहीत. तेव्हा नावातला पांढरेपणा मुख्यतः केसरांचा, खोडापानांचा नाही. बहर नसेल तर फळाच्या बुडाशी असलेली निदलांची चांदणी मोजा. अपेटालाला सहसा चार टोकं, पांढरीला सहा ते आठ.

– माझी शंका वेगळी आहे. कांदळ म्हणजे रायझोफोरा ना? मग चिप्पी 'कांदळवन वृक्ष' कशी?

– काटेकोर बोलायचं तर कांदळ म्हणजे रायझोफोराच. पण वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणतात ना, तसा 'कांदळवन' हा शब्द सगळ्याच खारफुटीला लागू झाला. वनखात्यात कांदळवन कक्षही आहे. आमच्याकडे मुंबईत तर दिसेल त्या खारफुटीला 'तिवरं' म्हणून मोकळे होतात. खरी तिवर म्हणजे अ‍ॅव्हिसेनिया, आणि खाडीकाठी तीच जास्त, म्हणून हे खपून जातं.

– थोडं अवांतर. सुंदरबनात याच पाकळ्या नसलेल्या चिप्पीला 'केओडा' म्हणतात आणि तिच्या आंबट फळांची चटणी करतात. आमच्या बंगाली शेजारीण काकूंनी 'केओडाची चटणी' म्हटल्यावर आमच्या आईला वाटलं, केवड्याची! आपला केवडा अगदी निराळा, पण आईने वाटी आधी नाकाला लावली.

– फोटो मोठा करून पाहिला. एक फळ जरा स्पष्ट आहे, टोकं चार. फोटोखालचं 'पांढरी' खोडलं.