मदत हवी आहे: राखणदार रंगमंचावर दाखवायचा कसा?

सड्यावरचा: शनिवारी तालीम आहे आणि भयएकांकिकेचा शेवट अडलाय. नेपाळी बोलणारे भाऊ-बहीण देवगडकडच्या हापूसच्या बागेत राखणीला आहेत. रात्री सीमेवरून राखणदार, म्हणजे गावाची सीमा राखणारा अदृश्य देव, विचारतो, "कोण?" दर वेळी आवाज जवळ येतो. मुखवटा लावून बघितला, भीतीच वाटत नाही. लवकर सांगा.

मिठबाव: हॉल की देवळासमोरचा मांड? दिवे किती?

कंदीलवाला: दाखवूच नका. खोपीत एकच कंदील, जमिनीपासून हातभर उंचीवर, आत पिवळा एलईडी आणि डिमर. दुसरा स्पीकर प्रेक्षकांच्या मागे. पहिले दोन "कोण?" समोरून, तिसरा मागून. त्याआधी पत्र्यावरचा पाऊस तोडा आणि पाच-सहा सेकंद पूर्ण शांतता.

मिठबाव: राखण चैत्रात, पाऊस कुठला? रातकिडे ठेवा आणि तेच थांबवा.

मृदंग: संकासुर आणा! दशावतारातल्या त्या राक्षसासारखी एन्ट्री नाही.

कंदीलवाला: संकासुराला लोक हसतात हो. इथे भीती हवी आहे.

पानवेल: माझी शंका वेगळी. नेपाळच्या माणसाला १९५०च्या करारानुसार भारतात राहायला, काम करायला मुभा आहे, व्हिसा लागत नाही. मग हे दोघे भितात कोणाला?

सड्यावरचा: ते भूतानचे आहेत, ल्होत्शाम्पा, म्हणजे दक्षिण भूतानातले नेपाळी बोलणारे लोक. साल १९९२. बंद हॉल, वीस फुटी रंगमंच, सहा दिवे.

पानवेल: अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! भूतानने १९८८च्या जनगणनेत नागरिकत्वाचा पुरावा म्हणून १९५८ची करपावती मागितली, १९५७ची दाखवणाऱ्यांनाही नाकारलं. माणसं एफ-१ ते एफ-७ अशी विभागली. एफ-१ अस्सल भूतानी, एफ-७ परका. एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या खान्यांत. भावाला एफ-१ करा, बहिणीला एफ-७. तिसऱ्यांदा "कोण?" नको, त्याच आवाजात "अठ्ठावन्नची पावती?"

गावकर: साफ चूक. राखणदार कागद मागणा नाय. गाऱ्हाणा, म्हणजे देवाक मोठ्यान केलेली विनवणी, घालून नारळ ठेवलो की तो परक्याकय सांभाळता. त्याका सरकारी शिपाय केलास तर हयलो प्रेक्षक उठान जायत.

पानवेल: मग आवाज दोन करा. बोलणारा तो जनगणनेचा अधिकारी, इथवर पाठीमागे आलेला. राखणदार बोलतच नाही, फक्त काठी आपटते.

गावकर: ह्या पटला. काठी मागच्या दारात, लाकडी फळीवर, खरीच आपटा. रेकॉर्डिंग पोकळ वाजता. आणि गाऱ्हाणा बहिणीन घालूचा, मोडक्यातोडक्या मालवणीत. भाव एकटोच "व्हय म्हाराजा" म्हणता.

कंदीलवाला: एकटा नाही राहणार. आपले प्रेक्षक गाऱ्हाण्याला हुंकार देतातच. पहिल्या ओळीनंतर थोडं थांबा, तिसऱ्या रांगेत आपली दोन माणसं बसवून सुरुवात करून द्या. हॉल "व्हय म्हाराजा" म्हणेपर्यंत कंदील विझवू नका.

मृदंग: संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवलीत ना? प्रमाणपत्राशिवाय प्रयोग लावू नका.

सड्यावरचा: पाठवली आहे. दोन आवाज पक्के. नारळ रंगमंचावर फोडला तर पाणी वायरींत जाईल, काय करू?

गावकर: फोडू नको. सोललेलो, शेंडी ठेवलेलो नारळ पानावर ठेव, शेंडी देवाकडे.