सॅलरीड जीपीचं कॉन्ट्रॅक्ट हातात आलंय, सही करू का?

प्रश्न: नवी_जीपी

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये जीपी (फॅमिली डॉक्टर) ट्रेनिंग संपून काही महिने झाले, तेव्हापासून लोकम (बदली डॉक्टरचं काम) करतेय. आता एका प्रॅक्टिसने (जीपींच्या दवाखान्याने) आठवड्याला ६ सेशनची, म्हणजे ६ अर्ध्या दिवसांची, सॅलरीड (पगारी) पोस्ट देऊ केलीय, माणसं चांगली आहेत, घराजवळ आहे, त्यामुळे मनातून हो आहेच. पण कॉन्ट्रॅक्ट वाचलं आणि पोटात गोळा आला. रजा ५ आठवडे, बँक हॉलिडे (सरकारी सुट्ट्या) त्यातच धरलेले. आजारी पडले तर फक्त स्टॅच्युटरी सिक पे (कायद्याने ठरलेला किमान आजारपणाचा पगार). सीपीडी (शिकत राहण्याचा वेळ) "प्रॅक्टिसच्या सोयीनुसार". आणि सेशन म्हणजे किती तास हे कुठेच नाही, नुसतं "दिवसाचं सगळं काम संपेपर्यंत". मॅनेजरबाईंना विचारलं तर म्हणाल्या इथले सगळे डॉक्टर यावरच आहेत. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे म्हणून जास्त काळजी वाटतेय. हे असंच असतं का?

उत्तर: ११_वर्षं_सॅलरीड

अजिबात नाही, आणि कृपा करून सही करू नका. आधी हे विचारा की प्रॅक्टिस जीएमएस आहे का. जीएमएस, पीएमएस, एपीएमएस हे प्रॅक्टिसच्या एनएचएसशी (सरकारी आरोग्यसेवेशी) असलेल्या कराराचे प्रकार. २००४ पासून जीएमएस प्रॅक्टिसवर बंधन आहे की सॅलरीड जीपीला बीएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) मॉडेल कॉन्ट्रॅक्टपेक्षा कमी अटी द्यायच्या नाहीत, आणि पीएमएसलाही २०१५ पासून तेच लागू झालं. एपीएमएस असेल तर मात्र हे बंधन नाही, तिथे सगळं तुम्हालाच मागून घ्यावं लागतं.

आता तुमचे आकडे. मॉडेलमध्ये फुल टाइम म्हणजे आठवड्याला ३७.५ तास, ९ सेशन, म्हणजे एक सेशन ४ तास १० मिनिटांचं. तुमच्या ६ सेशनचे झाले २५ तास, आणि त्यात रिझल्ट, पत्रं, प्रिस्क्रिप्शन, होम व्हिजिट सगळं आलं, नुसते पेशंट नाही! सीपीडी फुल टाइमला आठवड्याला ४ तास, तुम्हाला २ तास ४० मिनिटं, तेही त्या २५ तासांतच. रजा ६ आठवडे, वर बँक हॉलिडे वगैरेचे १० दिवस प्रमाणात, बँक हॉलिडेचा वार तुमच्या कामाचा नसला तरी ते तास मिळतात. आणि बँक हॉलिडे धरून ५ आठवडे हे तर साध्या कायद्यातही बसत नाही, कायद्याने कमीत कमी ५.६ आठवडे द्यावेच लागतात.

सिक पे आणि मॅटर्निटी पे तुमची सर्व्हिस किती झाली यावर ठरतात, म्हणून "आधीची एनएचएस सर्व्हिस धरली जाईल" हे वाक्य लेखी आलंच पाहिजे. मी पहिल्या नोकरीत हे वाचलंच नव्हतं. बाळाच्या वेळी कळलं की फक्त कायद्याने ठरलेला किमान मॅटर्निटी पे मिळणार, आणि तेव्हा सही होऊन दोन वर्षं झाली होती, कोणाकडे बोट दाखवणार. तेव्हाचा त्रास आठवला की अजून वाईट वाटतं, म्हणून एवढं लिहितेय.

उत्तर: पार्टनर_आहे

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे प्रॅक्टिसचा मालक डॉक्टर, पण वरच्या ताईंशी सहमत. बऱ्याचदा हे मुद्दाम केलेलं नसतं, कुठलं तरी जुनं कॉन्ट्रॅक्ट नाव बदलून पुढे ढकललेलं असतं आणि पार्टनरने ते कधी उघडून पाहिलेलंच नसतं. म्हणून मॅनेजरशी वाद घालू नका, पार्टनरला थेट मेल करा, "मॉडेलशी कुठे कुठे फरक आहे ते खाली लिहिलंय, दुरुस्त कराल का" एवढंच. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, मॉडेलचं बंधन आमच्यात आणि एनएचएसमध्ये आहे, तुम्ही कमी अटींवर सही केलीत की तुमच्यापुरतं तेच कॉन्ट्रॅक्ट धरलं जातं, मग मागे जाणं फार अवघड. तुमचं वजन आत्ता आहे, सहीच्या आधी.

जॉब प्लॅन (रोजच्या कामाचा आराखडा) ही कॉन्ट्रॅक्टला जोडून मागा. किती अपॉइंटमेंट, व्हिजिट कोण करणार, कागद कधी बघायचे, आणि वेळ ओलांडली तर पैसे की बदली सुट्टी. दिवसाला २५ पेशंट ही बीएमएची सुरक्षित मर्यादा आहे, ती त्यात घालायला कोणत्याही शहाण्या पार्टनरला अडचण नसावी.

उत्तर: लोकम_दादा

बीएमएचे मेंबर असाल तर कॉन्ट्रॅक्ट त्यांच्याकडून तपासून घ्या, मेंबरला वेगळे पैसे पडत नाहीत. आणि लोकमचं मागचं आवरून घ्या. लोकमच्या कमाईचे पेन्शनचे फॉर्म ए आणि बी काम केल्यापासून १० आठवड्यांत गेले नाहीत तर ती कमाई पेन्शनमध्ये धरत नाहीत, माझे एकदा असेच गेलेत. कोणी इनव्हॉइस थकवलं असेल तर १९९८ च्या लेट पेमेंट कायद्याने बँक ऑफ इंग्लंडच्या व्याजदरापेक्षा ८ टक्के जास्त व्याज लावता येतं, नुसतं हे नम्रपणे लिहिलं तरी पैसे येतात.

नवी_जीपी

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रॅक्टिस जीएमएसच निघाली. पार्टनरांना मेल केला, त्यांनी स्वतः फोन केला आणि म्हणाले आम्ही हे बघितलंच नव्हतं. रजा, सिक पे, सीपीडी मॉडेलप्रमाणे करून देतायत, सेशन ४ तास १० मिनिटं लेखी. जुन्या सर्व्हिसचं वाक्य अजून आलं नाहीये, ते येईपर्यंत थांबलेय. आणि दादा, दोन फॉर्म राहिले होते, ९ वा आठवडा चालू होता, काल रात्री पाठवले.