पन्नास कोटींची रेघ : एलबीटी गेला, पण बिल कुणाच्या नावावर फाटलं?

कसबेकर

१ ऑगस्ट २०१५ला महाराष्ट्रातल्या २५ महापालिकांमधला स्थानिक संस्था कर, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा आपला एलबीटी, बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला. वर्षाची उलाढाल पन्नास कोटींच्या आत असलेले सगळे सुटले. त्या रेघेच्या वरचे हजार-अकराशे मोठे व्यापारी आणि कंपन्या मात्र १ जुलै २०१७ला जीएसटी येईपर्यंत भरत राहिल्या. या तडजोडीबद्दल माझं मत इतक्या वर्षांनीही एका बाजूला झुकत नाही, म्हणून इथं मांडतोय.

ज्यांना तो काळ आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एप्रिल २०१३मध्ये पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नागपूर अशा शहरांतली जकात जाऊन एलबीटी आला. व्यापाऱ्यांनी दिवसचे दिवस दुकानं बंद ठेवली. २०१४च्या निवडणुकीत भाजपने एलबीटी रद्द करण्याचं आश्वासन दिलं. सत्ता आली, मार्च २०१५च्या अर्थसंकल्पात सुधीर मुनगंटीवारांनी घोषणा केली, आणि पूर्ण रद्द करणं तिजोरीला झेपेना तेव्हा पन्नास कोटींची रेघ निघाली.

यातला अर्धा भाग मला मनापासून पटतो. आठ लाखांहून जास्त लहान-मध्यम व्यापारी एका दिवसात मोकळे झाले. ज्यांची ऐपत होती त्यांच्याकडून कर चालू राहिला. त्या परिस्थितीत याहून बरा तोडगा निघाला असता असं मला वाटत नाही.

खटकतं ते पुढचं. २०१३ला एलबीटी आला तेव्हा त्याच्यासोबत घरखरेदीवरही १ टक्का एलबीटी बसला, मुद्रांक शुल्काबरोबर भरायचा. पुण्यात ५ टक्क्यांचे ६ झाले. दुकानदारांचा एलबीटी २०१५ला गेला, कंपन्यांचा २०१७ला गेला, घर घेणाऱ्याचा १ टक्का आजही तिथंच आहे. २०२२पासून मेट्रोसाठीचा १ टक्का अधिभार वर चढला, म्हणून पुणेकर आज ७ टक्के भरतो. मुंबईत एलबीटी कधी आलाच नाही, तिथं ६. साठ लाखांच्या फ्लॅटवर हा फरक साठ हजारांचा आहे.

व्यापाऱ्यांना सूट दिली ती योग्यच. पण तिची किंमत कोण मोजणार हे कुणी तोंड उघडून सांगितलं नाही. ज्यांची संघटना नाही, ज्यांना शटर खाली ओढून बंद करता येत नाही, जे आयुष्यात एखाद्या वेळी दस्त नोंदवायला जातात, त्यांच्याकडून घेणं सोपं होतं. त्यांच्याकडून घेत राहिले.

बोहरी आळी

कसबेकर, तुमच्या १ टक्क्याच्या तक्रारीला माझी ना नाही. पण 'मोकळे झाले' हे दोन शब्दांत संपवलंत, तर आम्ही कशातून मोकळे झालो तेही वाचा.

आमचं हार्डवेअरचं दुकान. कुलपं अलीगढची, बिजागऱ्या आणि कड्या राजकोटच्या. जकातीच्या काळात ट्रान्सपोर्टवाला नाक्यावर पावती फाडायचा आणि रक्कम भाड्यात लावायचा. आमचा संबंध तिथं संपला. एलबीटीने तो नाका उचलून गल्ल्यापाशी आणून ठेवला. मालाच्या प्रकाराप्रमाणे दर वेगळा. शहराबाहेरून आलेला माल एका रकान्यात, शहरातल्याच नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतलेला दुसऱ्यात, आपण बाहेरगावी पाठवलेला तिसऱ्यात. एका खोक्यात तीन जिन्नस निघाले तर तीन नोंदी. व्हॅटच्या वह्या वेगळ्या होत्याच. शिवाय खरेदीवर भरलेल्या व्हॅटची वजावट तरी मिळायची. एलबीटीचा पैसा गेला तो गेलाच, आणि पुढं त्याच्यासकट किमतीवर पुन्हा व्हॅट.

आणि शेजारी काय चाललं होतं? वाघोली तेव्हा ग्रामपंचायतीत. तोच नळ, तोच कोयंडा तिथं एलबीटीशिवाय मिळायचा. गिऱ्हाईक दुचाकीवरून जाऊन घेऊन यायचं. ऑनलाइन मागवलेला माल थेट घरी पोचायचा, त्याला कोण विचारणार? प्रामाणिकपणे भरणारा दुकानदार तेवढा महाग ठरायचा.

२०१३च्या बंदमध्ये आमच्यावर शिक्का बसला की यांना कर बुडवायचाय. आमचं म्हणणं होतं की काय घ्यायचं ते व्हॅटमध्ये मिळवून घ्या, एका ठिकाणी भरतो, दोन-दोन खाती दारात नकोत. चार वर्षांनी जीएसटीने जवळपास तेच केलं. मग त्या वेळी आम्ही चुकीचं काय मागत होतो?

हिशेबखाते

बोहरी आळी यांचा त्रास खरा आहे. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो, एका लहान महापालिकेच्या लेखा विभागात, त्यामुळे तिकडची हकिकत सांगतो.

जकात होती तेव्हा काल नाक्यावर जमलेली रोकड आज बँकेत. पाण्याच्या पंपाची मोटर जळाली तर आयुक्त आमच्या साहेबांना विचारायचे, 'आज किती आलेत?' आणि त्यावर निर्णय व्हायचा. नाक्यांवर गळती होती, हातमिळवणी होती, हे मी नाकारणार नाही. पण पैसा आमचा होता.

ऑगस्ट २०१५नंतर प्रश्न बदलला : 'मंत्रालयातून अनुदान जमा झालं का?' महिनाअखेर आली की पगाराची फाईल तयार, सह्या तयार, आणि रक्कम जमा झाल्याचा निरोप नाही. मग पहिला बळी ठेकेदारांची बिलं, दुसरा दवाखान्याची औषधखरेदी. रस्त्याच्या कामाला निविदा भरायला चांगला ठेकेदार येईना, कारण पैसे कधी मिळतील याची खात्री त्याला कुणी देऊ शकत नव्हतं.

पन्नास कोटींची रेघ सगळ्या शहरांना सारखीच आखली, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. पिंपरी-चिंचवडमध्ये वाहनांचे मोठे कारखाने. रेघेच्या वर राहिलेल्यांकडून त्यांना चांगली रक्कम येत राहिली. आमच्याकडे यंत्रमाग, किराणा, कापड. पन्नास कोटींच्या वरचं कोण? शोधावं लागे. एकाच निर्णयात त्यांचा आधार राहिला आणि आमचा गेला. तडजोड व्यापारी आणि सरकार या दोघांत झाली. जिचं उत्पन्न जात होतं ती महापालिका त्या बैठकीत होती कुठं?

मुलुंडकर

मी याच्या उलट बाजूला आहे, आणि पूर्णपणे.

मुलुंडच्या आनंदनगर जकात नाक्यावर रात्री ट्रकची रांग पाहिलेल्या माणसाला जकातीबद्दल हळहळ वाटणं शक्य नाही. दहिसर, मानखुर्द, ऐरोली, सगळीकडे तेच. डिझेल जळतंय, चालक तासन्‌तास बसलाय, भाजीचा भाव सकाळी वाढलाय.

आणि 'महापालिका भिकेला लागली' हे चित्र आकड्यांशी जुळत नाही. मुंबईची जकात जीएसटी येईपर्यंत होती; ती गेली तेव्हा राज्याने २०१७चा भरपाई कायदा केला. पाया २०१६-१७च्या उत्पन्नाचा, त्यावर दर वर्षी ८ टक्के चक्रवाढ. मुंबईला जुलै २०१७मध्ये पहिला हप्ता मिळाला ६४७ कोटींचा, एका महिन्याचा, म्हणजे वर्षाला साधारण पावणेआठ हजार कोटी. २०२५-२६च्या अंदाजपत्रकात हीच भरपाई वर्षाला १४ हजार कोटींच्या वर धरली आहे. आठ वर्षांत रक्कम जवळपास दुप्पट. कुठल्या दुकानदाराचा धंदा इतक्या नेमाने वाढला?

२०२०चा एप्रिल-मे आठवा. दुकानं बंद, मालाची वाहतूक जेमतेम. त्या दोन महिन्यांत जकातीवर जगणाऱ्या महापालिकेने कोविड केंद्रं कशाच्या जोरावर उघडली असती? भरपाई मात्र सूत्राप्रमाणेच मोजली जाणार होती. ठरलेलं उत्पन्न ही वाईट गोष्ट नाही.

बारावी अनुसूची

मुलुंडकर, ८ टक्के ही मेहेरबानी वाटत असेल तर शेजारचा आकडा ठेवून बघा. जीएसटी लागू करताना राज्यांनी केंद्राकडून स्वतःसाठी हमी घेतली ती वर्षाला १४ टक्के वाढीची, पाच वर्षं, जून २०२२पर्यंत. त्याच राज्याने आपल्या शहरांना दिली ८ टक्क्यांची. स्वतःला कमी पडेल असं वाटलं म्हणून १४ मागितले ना? मग शहराला ८ कसे पुरतील?

दुसरं, सूत्राचा पाया २०१६-१७मध्ये खिळलेला आहे. त्यानंतर पुण्यात २०१७ला ११ गावं आली, २०२१ला आणखी २३ आली. बोहरी आळी ज्या वाघोलीबद्दल बोलत होते ती याच २३मध्ये आहे. तिथं आज ड्रेनेज, रस्ते, पाणी महापालिकेने द्यायचं. तिथं विकल्या जाणाऱ्या मालावरचा जीएसटी केंद्र आणि राज्याकडे जातो, आणि भरपाईची आकडेमोड जुन्या हद्दीतल्या उत्पन्नावर. वाढतं शहर आणि ठप्प शहर या दोघांना तोच ८ टक्के.

१९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत १८ कामं शहरांच्या नावे लिहिली. जीएसटीचे दर ठरवणाऱ्या जीएसटी परिषदेत केंद्राचा एक तृतीयांश मतभार, राज्यांचा दोन तृतीयांश. महापालिकांचा शून्य. म्हणून मी म्हणतो की २०१५ची तडजोड ही खरी सुरुवात होती. तिथं एकदा मान्य झालं की शहराचा कर शहराला न विचारता काढून घेता येतो, मग २०१७ला कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मुलुंडकर

राज्याची १४ टक्क्यांची हमी जून २०२२ला संपली. महापालिकांची ८ टक्के वाढ त्यानंतरही चालू आहे. हेही लिहायला हवं होतं.

वाकडची सून

इतक्या चर्चेत घर घेणारं माणूस एकच ओळीत येऊन गेलं, म्हणून लिहिते.

आम्ही दस्त केला तेव्हा वकिलांनी कागदावर ७ टक्के फोडून दाखवले. एलबीटीच्या रकान्यावर माझ्या सासऱ्यांनी बोट ठेवलं. ते स्वतः भोसरीला वर्कशॉप चालवायचे. म्हणाले, 'हा तर बंद झाला!' वकील म्हणाले, 'तुमचा झाला, यांचा नाही.'

पण कसबेकरदादा, मी तुमच्यासारखं 'तो १ टक्का काढा' म्हणणार नाही. ती रक्कम महापालिकेसाठी घेतली जाते ना? मग घ्या. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९च्या अखेरीपासून पाणी दिवसाआड येतं. सोसायटीचा टँकरचा खर्च दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये दिसतो. मी १ टक्का भरला तो पाण्याच्या पाइपात दिसला तर माझी तक्रार नाही. मला राग येतो तो जुन्या नावाखाली, गुपचूप घेण्याचा. नाव बदला, कशासाठी घेता ते लिहा, आणि दर वर्षी किती जमा झाले नि कुठं गेले ते वॉर्डात लावा.

कसबेकर

ताई, मी ते नुसतं काढा म्हणत नाहीये. काढणार असाल तर पर्याय सांगा, ठेवणार असाल तर कारण सांगा, इतकंच. तुमची वॉर्डातल्या हिशेबाची सूचना मला माझ्या मुद्द्यापेक्षा जास्त पटली.

मुलुंडकर आणि बारावी अनुसूची यांच्या वादात एक गोष्ट सुटतेय. एलबीटी, जकात गेल्यावर महापालिकेच्या हातात स्वतःचा म्हणावा असा मोठा कर उरला तो मालमत्ता कर. त्याच्यावरही सवलतींचीच चढाओढ आहे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२पासून माफी. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत होती, ती काढली, लोक चिडले, आणि २०२३ला परत दिली. त्या सवलतीसाठीचा पीटी-३ अर्ज भरायला क्षेत्रीय कार्यालयात लागलेली रांग मी पाहिली आहे. मीही त्या रांगेत होतो आणि ती सवलत मला हवी आहे, मध्यमवर्गाला तिचा आधार आहे. पण प्रत्येक सवलत कुठल्या तरी निवडणुकीच्या तोंडावर ठरते आणि तिची भरपाई कशातून हा प्रश्न नंतरच्या आयुक्तावर सोडला जातो. २०१५ला हेच झालं होतं.

बोहरी आळी

भीती अशी वाटते की ही चर्चा फिरत फिरत 'महापालिकेला पुन्हा मालावर कर लावू द्या' इथं येणार. त्याला माझा ठाम विरोध राहील. आता माझं एक विवरणपत्र आहे, वजावट मिळते, राजकोटचा माल ई-वे बिलावर, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदावर, सरळ दारात येतो. सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, त्याचा फायदा मी गिऱ्हाइकाला दिला. पुन्हा शहरागणिक वेगळी वही आली तर माझा मुलगा या धंद्यात येणार नाही, आणि मी त्याला आग्रह करणार नाही.

घरखरेदीच्या १ टक्क्यासाठी निवेदन देणार असाल तर आमच्या असोसिएशनची सही मी आणतो.

हिशेबखाते

बोहरी आळी, नाका नको आणि वहीही नको, यावर आपलं एकमत आहे. मी मागतोय ते वेगळं. राज्याला जो जीएसटी मिळतो त्यातला ठरलेला टक्का शहरांचा, कायद्यात लिहिलेला, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला थेट महापालिकेच्या खात्यात. २०१६-१७च्या आकड्यावर ८ टक्के चढवत बसण्यापेक्षा त्या शहराची आजची लोकसंख्या आणि आजची हद्द धरून मोजलेला. मुंबईला तो आजच्यापेक्षा कमी पडेल कदाचित. मुलुंडकरांना ते आवडणार नाही, हे मला माहीत आहे.

मुलुंडकर

नाहीच आवडणार. मुंबईची जकात मुंबईने जमवली होती, तिची भरपाई मुंबईची. लहान महापालिकांना राज्याने जरूर जास्त द्यावं, पण स्वतःच्या तिजोरीतून द्यावं.

हिशेबखाते

ती मुंबईत जमवलेली असली तरी मुंबईच्या दुकानातून आमच्या गावी आलेल्या प्रत्येक कापडाच्या ताग्याच्या किमतीत ती धरलेली होती. आम्हीही भरलीच ना ती?